फ्यूज आपल्या खिशात हवा

ग्राइंडर गरजत असतो तेव्हा माणूस जागा असतो. आवाज असतो, ठिणग्या उडत असतात, हात आपोआप लांब राहतो. बाळा, या धंद्यात मी ज्यांची बोटं गेलेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांना त्या क्षणी मशीन बंद आहे असंच वाटत होतं. कोणी डिस्क बदलत होता, कोणी चकमध्ये अडकलेला बिट काढत होता. कोणाची डिस्क बटण सोडल्यावरही फिरत होती आणि त्याने ती मांडीवर टेकवली. कोणाची गेलेली लाईट अचानक आली. म्हणून तुझ्या नव्या दुकानासाठी जे सांगतोय, त्यातलं निम्मं मशीन बंद असतानाचं आहे. चालू मशीनचं तू आपल्या सोलापुरात विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये शिकलायसच.

मला हे शिकवलं ते लक्ष्मी-विष्णू मिलच्या फिटिंग खात्यात हयात घालवलेल्या उस्तादांनी. त्यांचा नियम एकच होता. लूमच्या पोटात हात घालायचा असेल तर आधी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज उपसायचा आणि तो आपल्या खिशात ठेवायचा. बाकावर ठेवायचा नाही, जॉबरकडे द्यायचा नाही. शिफ्ट बदलो, मुकादम ओरडो, ज्याच्या खिशात फ्यूज आहे तो बाहेर आल्याशिवाय मोटर फिरणार नाही. आता किटकॅट गेले आणि एमसीबीचे खटके आले. एमसीबी कोणीही येता-जाता वर करू शकतो, एवढाच त्यातला तोटा. तेव्हा हातातल्या मशीनसाठी प्लग हाच तुझा फ्यूज समज. डिस्क, बिट, ब्लेड, गार्ड, कार्बन, यांपैकी कशालाही हात लावायच्या आधी प्लग उपसायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. बोर्डवरचं बटण बंद केलं म्हणून भागत नाही. एका बोर्डवर चार बटणं असतात आणि पंख्याचं समजून कोणीतरी तुझंच दाबतो. शिवाय वायरिंग उलटं केलेलं असलं तर बटण न्यूट्रलवर बसलेलं असतं. मशीन फिरत नाही, पण फेज आतपर्यंत पोचलेला असतो. कट-ऑफ मशीन किंवा मोठी मोटर असेल, जिथे प्लग नाही, तिथे मेन बंद करून मेनच्या डबीला कुलूप घाल आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. कुलूप पन्नास-शंभराचं येतं.

लाईटचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे ती दिवसातून केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नाही. ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकतं. ड्रिलच्या घोड्यालाही बाजूला अडकवण्याची कळ असते. काम चालू असताना लाईट गेली, मशीन थांबलं, पोरगं ते तसंच खाली ठेवून चहाला गेलं. दहा मिनिटांनी लाईट येते आणि तो ग्राइंडर स्वतःहून सुरू होतो, जमिनीवर नाचत सुटतो, स्वतःचीच वायर कापतो, नाहीतर शेजारी बसलेल्याच्या पायावर जातो. ड्रिल मशीनला पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा दिला तो अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने. त्याचं पेटंट १९१७ सालचं आहे. बोट उचललं की मशीन थांबतं, हा त्या घोड्याचा मोठा गुण. अडकवायची कळ तो गुण काढून घेते. म्हणून लाईट गेली की पहिलं काम बटण मागे घेणं आणि दुसरं प्लग काढणं. ‘लाईट गेली’ असं कोणी म्हणालं की दुकानातल्या प्रत्येकाचा हात आधी बटणाकडे गेला पाहिजे, ही सवय पोरांना पहिल्या आठवड्यातच लाव. नवा ग्राइंडर घेताना ‘लाईट आल्यावर आपोआप सुरू न होणारा’ आहे का ते दुकानदाराला विचार. असे मिळतात, थोडे महाग असतात, आणि ते पैसे वाया जात नाहीत.

आता डिस्क. तुझ्या हातून रोज सगळ्यात जास्त चालणार ती हीच, म्हणून इथे सावकाश ऐक.

चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो. १०० मिलिमीटरच्या डिस्कचा काठ त्या वेगात ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावतो. या वेगाने निघालास तर पुणं सव्वा तासात येईल. चाकाच्या कागदावर ८० मीटर प्रति सेकंद असं छापलेलं असतं, ती त्या चाकाची कमाल मर्यादा. चार इंची चाकाला ती मर्यादा १५,००० फेऱ्यांच्या पुढे गाठली जाते, म्हणून चार इंची मशीनवर चार इंची चाक निर्धास्त असतं. सात इंची चाकाची मर्यादा मात्र साधारण ८,५०० फेरे आहे. आपल्याकडे काही हुशार लोक गार्ड काढून चार इंची मशीनवर मोठं चाक चढवतात, खोलवर कापता यावं म्हणून. ते चाक ११,००० फेऱ्यांवर गेलं की काठाचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. चाक फुटलं तर त्याचा तुकडा कुठे जाईल हे कोणाच्या हातात नाही, आणि तो अडवायला असलेलं गार्ड यांनी आधीच काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं. हे काम तुझ्या दुकानात होताना मला दिसलं तर मी मशीन उचलून घरी नेईन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरवर लावणं हाही तसलाच प्रकार. खिडकीच्या चौकटीचं काम आलं की सुतार आणि फॅब्रिकेटर दोघेही तो मोह करतात. दाता लाकडात अडकला की मशीन हातातून निसटून अंगावर येतं, आणि ग्राइंडरला ब्लेड झाकणारं खालचं गार्ड नसतं. लाकडाला गोल करवत वेगळी आहे, ती वापर.

चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि साल कोरलेलं असतं ते किती जण वाचतात? ती मुदत आहे, औषधाच्या बाटलीवर असते तशीच. या चाकांतले कण राळेने धरून ठेवलेले असतात आणि ओल, ऊन, वर्षं यांनी ती राळ कमजोर होते. साधारण तीन वर्षांचं आयुष्य धरतात. स्वस्तात मिळतात म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे काढलेली चाकं गठ्ठ्याने उचलू नकोस. चाक चढवण्याआधी कडेला चीर, टवका, ओलीचा डाग बघ. चढवल्यावर तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे धरून अर्धा-एक मिनिट मोकळं फिरव, आणि त्या वेळी चाकाच्या रेषेत स्वतःही उभा राहू नकोस, दुसऱ्यालाही राहू देऊ नकोस. एक मिलिमीटरचं कटिंग व्हील कापायलाच वापरायचं. त्याच्या बाजूने वेल्ड घासायला गेलास तर ते वाकून फुटतं. घासायला जाड चाक नाहीतर फ्लॅप डिस्क आहे.

बाकावरच्या ग्राइंडरचा दगड वेगळ्या जातीचा असतो. तो चढवण्याआधी बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे, फेकून दे. हात टेकवायची पट्टी आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. दगड झिजेल तशी पट्टी पुढे घ्यायची. फट वाढली की छोटा तुकडा आत ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग बोट.

कापताना मशीन झटका का मारतं हे नीट समजून घे, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत. पाइप किंवा अँगल दोन्ही टोकांना टेकवून मधे कापलास तर कापत आल्यावर तो मधे वाकतो, फट मिटते आणि चाक चिमटीत सापडतं. फिरणारं चाक तिथे थांबलं की सगळा जोर मशीनमध्ये येतो आणि मशीन तुझ्याकडे उसळतं. म्हणून आधार असा द्यायचा की कापलेला तुकडा खाली मोकळा पडेल. तिरकं, वळवून कापायचं नाही. अर्धवट कापलेल्या फटीत चाक थांबलं असेल तर तिथेच बटण दाबायचं नाही. बाहेर काढायचं, वेग घेऊ द्यायचा, मग परत घालायचं. बाजूची मूठ काढून एका हाताने चालवणाऱ्याला झटका आवरत नाही. आणि अंग चाकाच्या रेषेतून जरा बाजूला ठेव.

फरशीवाल्यांचं मार्बल कटर हे ग्राइंडरचंच भावंड. आपल्या भागात शहाबादी फरशी घरोघर आहे आणि कारागीर उकिडवा बसून, फरशी पायाच्या अंगठ्याने दाबून ती कापतो. हे दृश्य इतकं नेहमीचं झालंय की कोणाला त्यात धोका दिसत नाही. कटर उसळलं तर समोर मांडी आणि जांघ आहे, आणि जांघेतली रक्तवाहिनी कापली गेली तर दवाखान्यापर्यंत पोचायला मिनिटंच मिळतात. फरशी लाकडी ठोकळ्यांवर ठेव, क्लॅम्प लाव, पाय मागे घे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइलच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि त्याला औषध नाही. पाण्याची बारीक धार सोडून कापलं तर धूळ बसते. पण पाणी आणि वीज एकत्र आली म्हणजे जी काळजी घ्यायची ती पुढे सांगतो, तेवढी व्यवस्था असेल तरच पाणी सोड. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क लाव.

ड्रिलचं थोडक्यात सांगतो. पत्र्याला भोक पाडताना बिट आरपार जायच्या क्षणी पत्रा धरून गरागरा फिरवतो; हाताने धरलेला पत्रा त्या वेळी सुरी होतो. व्हाईसमध्ये धर, आणि शेवटी दाब कमी कर. चकची चावी चकमध्ये विसरू नये म्हणून ती वायरीला बांधून ठेव, प्लगच्या जवळ. म्हणजे प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचणारच नाही. उभ्या ड्रिल मशीनवर हातमोजे नकोत, कापडाचे तर मुळीच नकोत. फिरता बिट मोज्याचा धागा पकडतो आणि बोटासकट गुंडाळतो. गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीत हॅमर मशीन चालवताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. वायरीचे पाइप त्याच रेषेतून जातात. नळाच्या वर-खालीही तेच.

तुझ्या वहिनीच्या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये जे कटिंग मशीन आहे, त्याबद्दलही सांगायला हवं, कारण फॅब्रिकेशनवाल्याला ते मशीन खेळण्यातलं वाटतं. सोलापूरची शाळेच्या गणवेशांची बाजारपेठ आता देशभर पोचली आहे, आणि तिच्यामागे कटिंग मास्तरच्या हातातलं ते उभ्या पात्याचं मशीन आहे. कापडाच्या शेकडो थरांतून ते लोण्यातून जावं तसं जातं. बोटाच्या हाडाला ते वेगळं ओळखत नाही. मास्तरचा उजवा हात मशीन ढकलतो आणि डावा हात कापड दाबत पात्याच्या पुढे सरकत असतो. जातं ते नेहमी डाव्या हाताचं. त्यासाठी स्टीलच्या जाळीचा हातमोजा मिळतो. महाग वाटतो, बोजड वाटतो, मास्तर म्हणतात की हाताला कापड कळत नाही. आठवडाभर घालायला लावला की कळायला लागतं. पात्यासमोरची दाबपट्टी थराच्या उंचीइतकी खाली आणायची, जास्त पातं उघडं ठेवायचं नाही. आणि मशीनची वायर टेबलावर लोळू द्यायची नाही, छताखाली रूळ लावून त्यावरून सोडायची. मशीन स्वतःचीच वायर कापतं, आणि तेव्हा मास्तरचा हात मशीनच्या धातूच्या मुठीवर असतो. वहिनीला सांग, तो रूळ तू फुकट बसवून दे.

विजेबद्दल ज्याला खरं समजलं तो घाबरत नाही आणि धाडसही करत नाही. कोरड्या कातडीतून वीज जायला बरीच अडते. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याखाली तू घामाने निथळत असतोस, तेव्हा तीच कातडी साधारण हजार ओमवर येते. २३० व्होल्ट भागिले हजार, म्हणजे दोनशे तीस मिलिअँपिअर. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डालझील या प्राध्यापकांनी माणसांवर मोजमाप करून पाहिलं की हाताची पकड सुटत नाही ती किती विजेला. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांत १०.५. त्याच्या वर गेलं की हात मशीनला चिकटून राहतो, आणि पन्नास-शंभरच्या घरात हृदयाचा ठोका बिघडतो. आता तुझा १६ अँपिअरचा एमसीबी बघ. तो पडायला सोळा हजार मिलिअँपिअरच्या पुढे जावं लागतं. म्हणजे एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही.

माणसासाठी आरसीसीबी असते, तीस मिलिअँपिअरची; कटरवर पाणी सोडण्याआधी हवी म्हटली ती व्यवस्था हीच. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत येते की नाही हे ती सतत तोलत असते. वाटेत कुठे अंगातून जमिनीत गळती झाली की सेकंदाच्या छोट्या भागात लाईन तोडते. डालझील यांनीच १९६१ मध्ये अशा उपकरणाचा शोध लावला. आपल्या बऱ्याच शेडमध्ये ती बसवलेली असते आणि मग ‘सारखी पडते’ म्हणून वायरमनकडून काढून टाकलेली असते. सारखी पडते म्हणजे कुठल्या तरी मशीनमध्ये गळती आहे. ते मशीन शोधायचं. एकेक प्लग काढत गेलास की सापडतं. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्याला एकदा दाबून ती पडते का बघ. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलास तर तिला काही कळत नाही. वेल्डिंगच्या होल्डरकडच्या बाजूलाही ती उपयोगी नाही, तेव्हा घामेजल्या हातमोज्याने रॉड बदलू नकोस.

तीन पिनच्या प्लगात वरची पिन जाड आणि लांब का असते? लांब अशासाठी की आत जाताना अर्थ आधी जोडला जावा आणि निघताना शेवटी सुटावा; जाड अशासाठी की ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये. ती पिन कापून दोन पिनच्या भोकात बसवणारे महाभाग तुला भेटतील. सॉकेटमध्ये वायरीची सोललेली टोकं आगकाडीने खुपसून बसवणारे तर प्रत्येक बांधकामावर असतात. असलं काम करणाऱ्याला तुझ्या दुकानात थारा देऊ नकोस, मग तो कितीही चांगला वेल्डर असो. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे, त्याला अर्थची वायर नसते आणि दोन पिन चालतात. बॉडी फुटली किंवा आत पाणी गेलं की त्या खुणेचा अर्थ संपला.

रंगांचा घोळ नीट लक्षात ठेव. आपल्या थ्री फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे तीन फेज असतात आणि काळा न्यूट्रल. पण मशीनच्या केबलमध्ये तपकिरी हा फेज, निळा हा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्टा म्हणजे अर्थ. भिंतीतला निळा आणि केबलचा निळा सारखे समजून कोणी जोडलं तर मशीनला दोन फेज मिळतात, ४१५ व्होल्ट. लूमच्या जुन्या शेडमध्ये भाड्याने जागा घेतोयस, तिथे आधीच्याने काय काय जोडून ठेवलंय ते लायसन्स असलेल्या वायरमनला तपासू दे. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं धरून चालू नकोस.

अर्थिंगचा खड्डाही त्याच वायरमनला दाखव. जुने खड्डे मीठ आणि कोळशाचे असतात. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते, खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत जा. एक्स्टेन्शनची वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरपेक्षा बारीक नको. चौदा इंची कट-ऑफ मशीन दहा-एक अँपिअर घेतं, त्याला अडीचची वायर आणि सोळा अँपिअरचाच प्लग. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडल्याशिवाय जोर देऊ नकोस. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळतं. बॅटरीवरची मशीनं घेतलीस तर बॅटरी उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नकोस, आणि गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नकोस. चार्जर बहुतेक चाळीस अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि आपली दुपार त्याच्या वर असते.

तुझं पुष्कळसं काम लूमच्या आणि टॉवेलच्या कारखान्यांत असणार. तिथे छपरावर, कैच्यांवर, मोटरींवर कापसाचे तंतू थराने साचलेले असतात. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, त्यात आठ जीव गेले. तिथेच राहणारं मालकाचं कुटुंबही त्यात होतं. कापूस एकदा पेटला की बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, हे या शहराने तेव्हा पाहिलं. ग्राइंडरच्या ठिणग्या आठ-दहा मीटर सहज जातात. म्हणून अशा ठिकाणी काम करण्याआधी मालकाला सांगून जागा झाडून घे, गाठी आणि बीम हलव, हलत नसतील तर ओली पोती टाक, पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ ठेव, आणि एक माणूस केवळ आगीकडे बघायला उभा कर. बाहेर पडायची वाट मोकळी आहे का ते स्वतः चालून बघ. काम संपल्यावर लगेच निघायचं नाही. ठिणगी कापसात तासभर धुमसत राहते आणि मग पेटते. तो तासभर तिथे बसायचं आणि त्याची मजुरी आधीच कोटेशनमध्ये धरायची. मालकाने कटकट केली तर ते काम सोड.

कपड्यांचं सांगतो. उन्हात खांद्यावर, गळ्यात टॉवेल टाकायची आपली सवय. तो टॉवेल मशीनजवळ येता कामा नये. घाम पुसायचा असेल तर खुंटीवर टांगलेल्या टॉवेलने पुस. हातातला गंडा, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी, सैल बाह्या, लुंगी, सगळं दुकानाबाहेर. पोरींना कामावर ठेवशील तेव्हा ओढणी आणि वेणी आत खोचायची जागा आणि वेळ त्यांना दे, नुसता दम देऊ नकोस. डोळ्यांना चष्मा बाजूंनी बंद असणारा हवा. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. कानाला प्लग लाव. लूमवर आयुष्य काढलेली माणसं मोठ्याने का बोलतात ते तुला माहीत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात मशीनला कुंपण घालण्याचं आणि डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम होतं. तुझं दुकान लहान म्हणून कदाचित असल्या कायद्यात बसणार नाही, पण तुझ्या पोरांचे डोळे तेवढेच मोलाचे आहेत.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळी मशीनं खोलायची, ही उस्तादांची रीत होती आणि मी ती मोडली नाही. हवेने धूळ काढ, कार्बन झिजले असतील तर जोडीने बदल, वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथे वाकवून बघ, कारण ती तिथेच आतून तुटते. टेप गुंडाळलेली वायर असेल तर कापून नवी टाक. बेअरिंगचा आवाज ऐक, आर्मेचरला जळका वास येतो का बघ. गार्ड आणि बाजूची मूठ जाग्यावर नसेल ते मशीन पूजेला ठेवायचंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्याआधी झेंडूचे हार मशीनवरून आणि बोर्डावरून उतरव.

इतकं करूनही काही झालं, तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं. कोणाला वीज धरून बसली तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने ढकल. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा, गाडी येईपर्यंत. उठून बसला आणि ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढ. कापलं असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धर. हळद, चुना, चहाची पूड काही भरू नकोस. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट बोटाला लागू द्यायचा नाही. डोळ्यात कण गेला तर रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढणारा ‘तज्ज्ञ’ प्रत्येक शेडमध्ये असतो, त्याला हात लावू देऊ नकोस. वेल्डिंगची झळ लागून डोळे चुरचुरले तर बटाटा, दूध काही नको. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

१०८ आणि अग्निशमनचा १०१ हे दोन आकडे दाराच्या आतल्या बाजूला मोठे रंगवून घे. सिव्हिल हॉस्पिटलचा रस्ता सगळ्यांना माहीत असू दे. आणि मेन स्विच कुठे आहे, तो कसा खाली ओढायचा, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, चहा घेऊन येणाऱ्या पोरालासुद्धा, स्वतः दाखवून ठेव.